फोर्ट वर्थच्या वॉटर गार्डन्समध्ये आई-बाबांना आणि मुलांना न्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा जूनमध्ये नाशिकहून डॅलसला येताहेत, घरात चार वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा आहे. फोर्ट वर्थ वॉटर गार्डन्सचे फोटो पाहून आईंनी तिथे जायचा हट्ट धरलाय. पण 2004 मध्ये तिथे चार माणसं बुडाली हे वाचल्यापासून तुमचं मन कचरतंय. दुरुस्ती करून उघडलेली ही जागा खरोखर सुरक्षित झाली, की नुसत्या पाट्या लागल्या?

जरूर न्या. पण तिथे काय बदललं आणि काय बदलणं शक्यच नव्हतं, हे समजून घेऊन न्या. कारंजी, कृत्रिम धबधबे आणि सार्वजनिक जलाशयांची पंपयंत्रणा बसवणं, जुनी झाली की ती पुन्हा उभी करणं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

फोर्ट वर्थच्या डाउनटाउनमध्ये, कन्व्हेन्शन सेंटरला लागून, 4.3 एकरांवर हे उद्यान 1974 मध्ये उभं राहिलं. आराखडा फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी यांचा, पैसा एमन कार्टर फाउंडेशनचा. आत पाण्याची तीन ठिकाणं आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा. एक शांत कुंड: रस्त्याच्या पातळीपासून खाली उतरलेलं, सायप्रसच्या झाडांनी वेढलेलं, भिंतींवरून पाण्याचा पातळ पडदा सरकत असतो. दुसऱ्यात ओकच्या झाडांखाली तुषार उडवणारी कारंजी. आणि तिसरं ज्याचे फोटो सगळीकडे दिसतात ते ‘ॲक्टिव्ह पूल’. चहूबाजूंनी काँक्रीटच्या पायऱ्या-पायऱ्यांवरून पाणी जवळपास 38 फूट खाली कोसळतं आणि तळाच्या एका छोट्या कुंडात गोळा होतं. त्या कोसळत्या पाण्यामधूनच सुट्या पायऱ्या खाली गेलेल्या आहेत. कठडा नाही. माणसानं थेट पाण्याच्या पोटात उतरावं, हीच कल्पना होती. जागा विलक्षण सुंदर आहे, ते मान्य करूनच पुढचं बोलायला हवं. ती सुंदर नसती तर एवढी माणसं खाली उतरलीच नसती.

16 जून 2004 रोजी शिकागोहून आलेल्या पाहुण्यांपैकी तीन मुलं आणि एक मोठा माणूस या तळाच्या कुंडात बुडाले. एक मूल पाण्यात गेलं आणि त्याला काढायला बाकीचे उतरले. कुंडाची खोली त्या वेळी सुमारे 9 फूट होती. कडेवर उभं राहून पाहणाऱ्याला त्यातलं काहीच कळत नव्हतं, कारण वर फेस होता आणि सगळीकडे पाणी पायरीवरून वाहतंय तसं घोट्याएवढंच वाटत होतं. त्यानंतर हा भाग बंद झाला, सुरक्षेची कामं झाली आणि 2007 मध्ये तो पुन्हा उघडला. खोली आता सुमारे 2 फूट आहे.

सगळ्या दुरुस्तीतली एकच गोष्ट निवडायला सांगितली, तर मी हीच निवडेन. 9 फुटांचे 2 फूट. पाट्या, रखवालदार, दिवे, कठडे हे सगळं त्याच्या मागून येतं. लोकांना पाण्याजवळ बोलावणारी जागा पुन्हा उघडताना समितीच्या बैठकीत नेहमी विचारलं जातं, ‘कोणी पडणार नाही ना?’ माझं म्हणणं असतं, लोक पडणारच. ओल्या पायरीवर, उन्हात, पोरं हाताशी असताना, फोटो काढताना माणूस पडणारच. विचारायचं ते हे, की पडलेला माणूस उठून उभा राहू शकेल का. आणि त्याला धरायला धावलेला माणूस उभा राहू शकेल का.

आता मुळात तळाशी इतकं खोल पाणी ठेवलंच का होतं, असं कुणालाही वाटेल. असल्या धबधब्यात पाणी फिरतं असतं: तळातून पंप ते उचलतो, वर सोडतो, ते पायऱ्यांवरून परत खाली येतं. पंप चालू असताना बरंचसं पाणी वाटेत असतं. पंप थांबला की ते सगळं तळाला येतं. एक हिशेब करून पाहा. समजा पायऱ्यांचं एकूण क्षेत्र 500 चौरस मीटर आहे आणि त्यांच्यावर सरासरी 3 सेंटिमीटर जाडीचा पाण्याचा थर वाहतोय. म्हणजे 15 घनमीटर पाणी वाटेत आहे. तळाचं कुंड 30 चौरस मीटरचं असेल, तर पंप बंद पडताच त्यात अर्धा मीटर पाणी चढतं. उलट, पंप सुरू करताना कुंडातून तेवढंच पाणी एकदम वर जातं, आणि कुंड उथळ असेल तर पंप हवा ओढायला लागतो. म्हणून पूर्वी अशा कुंडांना खोल करून ठेवायची रीत होती. कुंड दिसायला शोभेचं, कामाला साठवणीची टाकी. एकाच खड्ड्याकडून दोन कामं घेतली जायची आणि त्यातलं दुसरं पाहुण्यांना ठाऊकच नसायचं.

त्यात पावसाची भर. हे उद्यान वाडग्यासारखं खाली उतरलेलं आहे, म्हणजे आजूबाजूला पडलेलं पाणी तळाकडेच येणार. 2,000 चौरस मीटरच्या उतारावर 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर 100 घनमीटर पाणी होतं. निचऱ्याची वाट अपुरी किंवा तुंबलेली असेल, तर 30 चौरस मीटरच्या कुंडात ते तीन मीटरहून जास्त चढू शकतं. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, फोर्ट वर्थच्या नकाशावरचे नाहीत. पण प्रमाण साधारण असंच असतं, आणि टेक्सासमध्ये एका वादळात 50 मिलिमीटर पाऊस ही काही नवलाई नाही.

यावरचा उपाय सगळ्या धंद्याला माहीत आहे. साठवण जमिनीखाली बंद टाकीत हलवायची, तिला आम्ही बॅलन्सिंग टाकी म्हणतो. लोकांना दिसणारं कुंड उथळ ठेवायचं, त्याच्या कडेला ठरावीक उंचीवर ओव्हरफ्लोची लांब फट ठेवायची, म्हणजे पंप बंद पडो की पाऊस कोसळो, पाणी त्या रेषेच्या वर चढायला जागाच राहू नये. शिवाय पातळी मोजणारा सेन्सर, आणि पातळी वाढली की पंप आपोआप बंद.

पण कागदावर हे असणं आणि जागेवर असणं यात फार अंतर आहे. महाराष्ट्रातल्या एका गावातल्या उद्यानात उद्घाटनाच्या आधी आम्ही कुंडाच्या भिंतीवर खडूनं रेघ मारली, सगळे पंप पूर्ण चालवले आणि मुख्य स्विच खाली ओढला, वीज गेल्यावर होतं तसं. पाणी रेघ ओलांडून वीतभर वर आलं आणि सगळ्यात खालच्या बैठकीच्या फरशीवरून वाहायला लागलं. त्याच फरशीवर दुसऱ्या दिवशी शाळेची मुलं बसवायची ठरली होती. ओव्हरफ्लोच्या जाळीत बांधकामाचा गिलावा अडकला होता, एवढंच कारण. जाळी काढून नळी साफ केली, पुन्हा रेघ, पुन्हा स्विच, तेव्हा पाणी थांबलं. ही चाचणी अर्ध्या तासाची असते. दुरुस्तीनंतर कुठलंही जलउद्यान उघडताना ती झाली का, हे विचारायचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे.

खोलीचा संबंध आणखी एका गोष्टीशी आहे. तळातून पाणी ओढणाऱ्या तोंडावर माणसाचं अंग बसलं, तर ते किती जोरानं धरलं जातं? पलीकडची नळी रिकामी आहे असं धरा. 2.7 मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला 0.27 किलोचा दाब असतो. तोंड 30 बाय 30 सेंटिमीटरचं असेल, तर क्षेत्र 900 चौरस सेंटिमीटर, म्हणजे जोर जवळपास 240 किलो. दोन पहिलवानांनाही ते मूल ओढून काढता येणार नाही. खोली 60 सेंटिमीटर असेल तर हाच जोर 54 किलो होतो, आणि पंपाची ओढ असली तर ती दोन्हीकडे वरून धरायची. म्हणून तोंडं नेहमी दोन किंवा जास्त ठेवतात, एकमेकांपासून किमान तीन फूट अंतरावर, म्हणजे एक झाकलं गेलं तरी पंप दुसऱ्यातून पाणी घेतो. वर फुगीर जाळी, जिच्यावर अंग सपाट बसूच शकत नाही. अमेरिकेत याच कारणासाठी डिसेंबर 2007 मध्ये कायदा झाला. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात व्हर्जिनिया ग्रॅम बेकर 2002 मध्ये स्पाच्या तळाच्या जाळीला खेचली जाऊन गेली, तिचं नाव त्या कायद्याला दिलं आहे. तिच्या आईनं त्यासाठी अक्षरशः जिवाचं रान केलं. कायदा पोहण्याच्या तलावांसाठी आणि स्पासाठी आहे, पण कारंज्याच्या कुंडातही माणूस उतरण्याची शक्यता असेल तर आम्ही तेच नियम धरून चालतो.

फेसाबद्दल फार कमी लोक बोलतात. धबधब्याखालचं पांढरं पाणी म्हणजे पाणी आणि हवा यांचं मिश्रण. त्यात पाचवा हिस्सा हवा असली, तरी ते साध्या पाण्यापेक्षा तेवढंच हलकं असतं. माणसाचं शरीर पाण्यावर जेमतेम तरंगतं. असल्या पाण्यात ते तरंगत नाही, चांगल्या पोहणाऱ्याचंही नाही. त्यात कोसळणाऱ्या धारेच्या पायथ्याशी पाणी गोल फिरतं आणि वरचा थर धारेकडेच परत ओढतं. म्हणजे बाहेर यायला हातपाय मारणारा माणूस पुन्हा धारेखाली जातो. ‘पोहता येत होतं ना, मग कसे बुडाले?’ असं कुणी म्हणालं की मला फार वाईट वाटतं. तिथे पोहता येण्याचा उपयोग नव्हता. पायाखाली जमीन हवी होती.

आणि वाचवायला जाणाऱ्यांविषयी. आपलं मूल पाण्यात गेलं तर तुम्ही-मी विचार करत उभे राहणार नाही. त्या दिवशी जे आत गेले, त्यांनी प्रत्येक आई-बापानं, प्रत्येक भावंडानं केलं असतं तेच केलं. म्हणूनच ‘पाण्यात उडी मारू नका’ ही पाटी अशा क्षणी कुणी वाचत नाही. जागा बांधणाऱ्यानं असं गृहीत धरून बांधायचं असतं, की एक पडेल आणि त्याच्यामागे चौघं उतरतील. दोन फूट पाण्यात मोठा माणूस गुडघ्याच्या थोडं वरपर्यंत भिजतो, मूल उचलतो आणि चालत बाहेर येतो.

आता जे बदललेलं नाही त्याकडे येतो. दोन फूट पाणी मोठ्यांसाठी ठीक. तुमच्या चार वर्षांच्या मुलीची उंची मीटरभर असेल, म्हणजे तिच्या छातीपर्यंत. वाहत्या पाण्यात तेवढं तिला आडवं करायला पुष्कळ आहे. अमेरिकेचं हवामान खातं पुराबद्दल सांगतं, की जोरात वाहणारं सहा इंच पाणीही मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं. शिवाय बुडणं राहिलं बाजूला, पायऱ्यांची उंची आणि काँक्रीटच्या कडा जिथल्या तिथेच आहेत.

त्याच उन्हाळ्यातली लंडनची गोष्ट इथे सांगायलाच हवी. हाइड पार्कमधलं प्रिन्सेस डायना यांचं स्मारक-कारंजं 6 जुलै 2004 रोजी उघडलं. ग्रॅनाइटचा लंबगोल पाट, त्यातून खेळतं पाणी, मुलांनी पाय घालावेत अशी मुद्दाम केलेली रचना. उथळ, म्हणजे बुडण्याची भीती जवळपास नाही. तरी 22 जुलैला ते बंद करावं लागलं, कारण तिघं घसरून पडून जखमी झाले. ऑगस्टमध्ये कुंपण घालून आणि माणसं नेमून ते पुन्हा उघडलं, पुढच्या जानेवारीत आजूबाजूच्या चिखलाच्या आणि निचऱ्याच्या कामासाठी पुन्हा बंद, 2005 च्या मे महिन्यात पुन्हा सुरू. तेव्हापासून सूचना अशी, की काठावर बसून पाय पाण्यात सोडा, पाटातून चालू नका. दगड, पाणी, ऊन आणि पानांचा कचरा एकत्र आले की शेवाळ येतं, त्याला उद्घाटनाची तारीख समजत नाही. रामकुंडावर ज्या खालच्या पायरीला आई-बाबा आपसूक काठ धरून उतरतात, ती पायरी आणि ही पायरी यांत फरक करू नये.

दुरुस्त केलेल्या जागेत हा धोका कधी कधी जुन्या जागेपेक्षा जास्त असतो. नवं काँक्रीट, नवं सीलिंग केलेला पृष्ठभाग गुळगुळीत असतो, आणि लोकांचा समज असतो की आता सगळं नीट झालंय. म्हणून उघडतानाच्या घासणीपेक्षा सहा महिन्यांनंतरची घासणी महत्त्वाची. दर आठवड्याला ब्रश फिरतो का, पायऱ्यांच्या कडेचा पट्टा ठळक आहे का, तेवढं पाहिलं तरी त्या उद्यानाची देखभाल कशी आहे ते कळतं.

फोर्ट वर्थमध्येच एक दुसरा रस्ताही चोखाळला गेला. ट्रिनिटी नदीच्या कड्यावर लॉरेन्स हॅलप्रिन यांनी रचलेलं हेरिटेज पार्क प्लाझा, त्यातही भिंती-पायऱ्यांमधून पाणी खेळवलेलं, 2007 मध्ये सुरक्षेच्या काळजीपोटी बंद झालं आणि वर्षानुवर्षं कुंपणाआड पडून राहिलं. ज्या वर्षी वॉटर गार्डन्स खोली कमी करून उघडलं, त्याच वर्षी हे बंद झालं. अपघातानंतर कुंपण घालणं सगळ्यात सोपं, आणि त्यासाठी मी कुणाला दोष देणार नाही. चार मृत्यूंनंतर सही करणाऱ्याचा हात थरथरणारच. पण शहरातल्या माणसांना पाण्याजवळ बसायला जागा हवी असते, उन्हाळ्यात तर फारच. आमच्या शिक्षणाचा उपयोग कुंपण न घालता जागा सुरक्षित करण्यासाठी व्हायला हवा. ॲक्टिव्ह पूल वरून पाहिलात तर तो आजही तसाच भव्य दिसतो. खोली सात फुटांनी कमी झाली हे डोळ्यांना कळतही नाही.

आपल्याकडे भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसायला पावसाळ्यात झुंबड उडते, त्यामुळे पायरीवरून वाहणारं पाणी म्हटलं की मराठी माणसाला ते ओळखीचं आणि खेळकर वाटतं. जून 2024 मध्ये त्याच परिसरातल्या धबधब्यात एका कुटुंबातली माणसं बघता बघता वाहून गेली. तिथलं पाणी डोंगरातून येतं, त्याला बटण नाही. फोर्ट वर्थचं पाणी पंपातून येतं, ते बंद करता येतं. तुमच्या आई-बाबांना हा फरक सांगा, पण मुलांना तो सांगू नका. मुलांना दोन्हीकडे एकच नियम बरा.

पाण्याच्या स्वच्छतेकडे दुरुस्तीच्या बातम्यांत कुणी पाहत नाही. फोर्ट वर्थला खेटून असलेल्या आर्लिंग्टनमध्ये सप्टेंबर 2021 मध्ये एका लहान मुलाचा मेंदूच्या संसर्गानं मृत्यू झाला. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा, आणि त्याचा माग शहराच्या एका स्प्लॅश पॅडपर्यंत, म्हणजे मुलांना भिजत खेळायला पाणी उडवणाऱ्या जागेपर्यंत, लागला. पाण्याची आणि क्लोरीनची तपासणी रोज व्हायला हवी होती, ती सगळ्या दिवशी झालेली नव्हती. शहरानं सगळे स्प्लॅश पॅड बंद करून पद्धत बदलली. हा आजार अतिशय दुर्मीळ आहे. पाणी पोटात गेल्यानं तो होत नाही, नाकातून वर गेलं तरच होतो. म्हणून शोभेच्या कारंज्यात मुलांनी तोंड घालू नये, डोकं बुडवू नये, नाकावर फवारा घेऊ नये. वॉटर गार्डन्स ही पोहण्याची जागा नाही, तिथल्या पाण्याकडे तलावातल्या पाण्यासारखं पाहूच नका.

मोठ्यांसाठी वेगळी काळजी. तुषारांमधून लेजिओनेला हा जिवाणू फुप्फुसात जाऊ शकतो. 25 ते 45 अंश तापमानाचं, साचून राहिलेलं पाणी त्याला मानवतं, आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात पाणी त्याच तापमानाला असतं. दुरुस्तीसाठी महिनोन् महिने बंद असलेली यंत्रणा सुरू करताना हे विशेष जपावं लागतं. नळ्यांमधलं जुनं पाणी सोडून द्यायचं, जास्त क्लोरीनचं पाणी फिरवायचं, मग फिल्टर धुऊन नव्या पाण्यानं सुरुवात करायची. नीट राखलेल्या कारंज्यात धोका थोडा असतो. तरी बाबांना दम्याचा किंवा मधुमेहाचा त्रास असेल, तर तुषाराच्या कुंडाजवळ वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला बसवा, म्हणजे फवारा अंगावर येणार नाही.

विजेबद्दल थोडंच. पाण्याखालच्या दिव्यांना एकतर कमी व्होल्टेजचा पुरवठा किंवा गळती होताच वीज तोडणारा स्विच, हे अमेरिकेत नियमानं सक्तीचं आहे. तुटलेला दिवा, उघडी वायर किंवा निखळलेलं झाकण दिसलं तर पाण्यापासून दूर व्हा आणि उद्यानाच्या माणसाला सांगा. पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर ‘भास असेल’ म्हणू नका.

आता प्रत्यक्ष त्या दिवशी काय करायचं. ॲक्टिव्ह पूलच्या तळाशी गेल्यावर सगळ्यात आधी जाणवेल तो आवाज. चारही बाजूंनी पाणी कोसळतंय, दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला हाक मारली तरी ऐकू जात नाही. म्हणजे वर उभं राहून ‘अरे, मागे ये’ असं ओरडायचा काही उपयोग नाही. मुलाशी आधीच खूण ठरवून ठेवा, हात वर केला की जागीच थांबायचं. नऊ वर्षांचा मुलगा तुमच्यासोबत उतरू शकतो, तुमच्या एक पायरी वर राहून, पुढे पळत नाही. तुम्ही त्याच्या खालच्या बाजूला असायला हवं, कारण घसरलेलं पोर खालीच येतं. चार वर्षांच्या मुलीला मी तळाशी नेणार नाही. कडेवर घेऊनही नाही, कारण कडेवर मूल असलं की आपले पाय आपल्याला दिसत नाहीत. तिला वरच उभं करून, हात धरून दाखवा. वरूनच ते दृश्य जास्त छान दिसतं.

आई-बाबांनी उतरायचंच म्हटलं तर साडीचा घोळ आणि चपला, दोन्हींचा बंदोबस्त करा. मागून पट्टा असलेली रबरी तळाची पादत्राणं हवीत. गुळगुळीत तळव्याची चप्पल ओल्या काँक्रीटवर सरळ सरकते. चष्मा बायफोकल असेल, तर खाली पाहताना जवळच्या भिंगातून पायरी धूसर दिसते आणि अंदाज चुकतो. ही तक्रार मी जिन्यांवरून पडलेल्या वयस्क माणसांकडून वारंवार ऐकली आहे. दूरचा साधा चष्मा असेल तर तो लावायला सांगा. एका वेळी एक जण उतरेल, दुसरा वर बसेल. फोटो काढताना थांबा, उभे राहा, मग फोन बाहेर काढा. चालता चालता मागे वळून सेल्फी घेणं तिथे अजिबात नको.

उतरण्याआधी कुंडाकडे नीट पाहा. तळ दिसतोय का? पाण्यातल्या पायऱ्यांचे दगड पाण्याच्या वर आहेत का, की पाणी त्यांच्यावरून वाहतंय? आदल्या रात्री जोराचा पाऊस झालाय का? पाणी गढूळ असेल, पायऱ्या बुडालेल्या असतील किंवा पातळी नेहमीपेक्षा चढलेली वाटली, तर त्या दिवशी वरूनच बघा. पाट्या वाचा, आणि एखादा भाग दोरी लावून बंद केलेला असेल तर त्यामागे काहीतरी कारण असतं.

आणि देव न करो, पण कुणी पडलंच, तर आधी काठावर गुडघ्यावर बसा किंवा आडवे व्हा आणि हात, ओढणी, छत्री, पट्टा जे असेल ते पुढे करा. पाण्यात उतरणं हा शेवटचा पर्याय. उतरायचंच झालं तर एका जागी पाय रोवून, दुसऱ्यानं तुमचा हात धरलेला असताना. एकानं फक्त 911 ला फोन करायचा आणि ‘वॉटर गार्डन्स, कन्व्हेन्शन सेंटरच्या शेजारी, ॲक्टिव्ह पूल’ एवढं सांगायचं. हे घरून निघतानाच कोण करणार ते ठरवा.

जूनमध्ये दुपारी तिथलं काँक्रीट तापतं, आई-बाबांना ते सोसणार नाही. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा. ॲक्टिव्ह पूल देखभालीसाठी अधूनमधून बंद असू शकतो, निघण्याआधी उद्यानाकडे चौकशी करा. बंद असला तरी शांत कुंडाचा भाग चुकवू नका. तिथे सावली आहे, बसायला जागा आहे, पायऱ्या रुंद आहेत आणि बोललेलं ऐकू येतं. मुलीला पाणी जवळून पाहायचं असेल तर ते तिथेच दाखवा, तुमचा हात धरून.